सव्वादोन सेकंद

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या कुटुंबाची ही गोष्ट. घरात अण्णा, आई आणि त्यांचा मुलगा. धाकटी बहीण छोटी त्याला दादा म्हणायची, म्हणून सगळेच त्याला दादा म्हणत. अण्णा एसटीतून चालक म्हणून निवृत्त झालेले. नोकरीची बहुतेक वर्षं पाटण आणि चिपळूणच्या आगारांत गेली आणि कुंभार्ली घाट त्यांच्या रोजच्या वाटेवरचा झाला. विनाअपघात सेवेबद्दल मिळालेलं मानपत्र बाहेरच्या खोलीत टांगलेलं होतं, पण अण्णा स्वतःहून त्याचा विषय कधी काढत नसत. दादा चाकणच्या एका कारखान्यात इंजिनियर होता.

दादाने नेक्सॉन ईव्ही घेतली तेव्हा त्याला सर्वांत जास्त आवडला तो तिचा पिकअप. कंपनीचा आकडा त्याला पाठ होता : शून्यावरून शंभरपर्यंत ८.९ सेकंद. पाहुणा आला की दादा त्याला शेजारी बसवून मोकळ्या रस्त्यावर न्यायचा, मोड ‘स्पोर्ट’वर टाकायचा आणि पाय दाबायचा. पाहुण्याची पाठ सीटला चिकटली की दादा समजावून सांगायचा, “पेट्रोलच्या इंजिनाला आधी फेरे वाढवावे लागतात, मग गिअर बदलावे लागतात. मोटरचं तसं नाही. चाक थांबलेलं असतानाच सगळा टॉर्क तयार असतो.” पाहुणे थक्क व्हायचे आणि दादाचा चेहरा खुलायचा.

दोन वर्षं अशी आनंदात गेली. मग खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी महिंद्राची बीई ६ घेतली, मोठ्या बॅटरीची. तिचा आकडा ६.७. शेजारी भले होते. त्यांनी दादाला हौसेने फेरी मारून आणली. त्या फेरीनंतर मात्र दादाचं आपल्या गाडीत लक्ष लागेना. कालपर्यंत जी झपकन सुटायची ती आज त्याला सुस्त वाटू लागली. गाडी तीच, रस्ता तोच, मोटरही तीच. बदलला होता तो फक्त शेजारच्या पार्किंगमधला आकडा.

महिन्याभरात त्याने एक्स्चेंजची चौकशी केली. हप्ता जवळजवळ दुप्पट होणार होता. जेवताना त्याने विषय काढला.

“अण्णा, गाडी बदलावी म्हणतो.”

“का रे? बिघडली?”

“बिघडली नाही. पण पिकअप कमी पडतो.”

“किती कमी?”

“जवळजवळ सव्वादोन सेकंद.”

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडला. “कुठं कमी पडला?” त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर दादाला चटकन सापडलं नाही. “तसं कुठं असं नाही,” तो म्हणाला. अण्णा पुढे काही बोलले नाहीत. शनिवारी चिपळूणला छोटीच्या सासरी जायचं होतं. तिला सातवा महिना लागला होता, बाळंतपणासाठी माहेरी आणायचं होतं. “ते काम होऊ दे,” अण्णा म्हणाले, “मग बघ तुझ्या गाडीचं.”

शनिवारी पहाटे तिघे निघाले. गाडी रात्रभर लावून पूर्ण चार्ज केलेली होती. दादाचा हिशेब असा की वाटेत एकदाच, तेही कराडच्या अलीकडे, चहापुरतं थांबायचं. कात्रजचा बोगदा ओलांडला, रस्ता मोकळा दिसला आणि दादाच्या पायाला राहवेना. ट्रक आला की दाबायचं, पुढे जायचं, पुढचा ट्रक जवळ आला की पाय काढायचा. पाय काढला की मोटर चाकांना ओढून धरते आणि वीज परत बॅटरीत भरते. त्याने ते भरणं सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं होतं. त्यामुळे गाडी पुढे झेपावायची आणि लगेच मागे ओढल्यासारखी व्हायची. मध्ये मोकळा पट्टा मिळाला की काटा एकशे दहावर.

खंबाटकी घाट चढून उतरेपर्यंत आईचा चेहरा उतरला होता. सुरूरच्या अलीकडे तिने गाडी थांबवायला सांगितली आणि रस्त्याच्या कडेला तिला उलटी झाली. दादाने पाण्याची बाटली दिली, लिंबू दिलं.

“घाटाचा त्रास असेल,” तो म्हणाला.

“घाटाचा नाही रे,” आई तोंड पुसत म्हणाली. “तुझ्या अण्णांच्या एसटीतून मी कुंभार्ली किती वेळा चढले-उतरले असेन. तू पोटात होतास तेव्हाही. मला कधी गाडी लागली नाही.”

दादाला ते लागलं, कारण ते खरं होतं. त्याचं कारणही त्याला ठाऊक होतं. डिझेलच्या गाडीत आवाज वाढला की आता गाडी ओढणार हे अंगाला आधी कळतं, माणूस नकळत सावरून बसतो. विजेच्या गाडीत ती सूचनाच मिळत नाही. चालवणाऱ्याला पाय कधी दाबणार ते माहीत असतं. मागे बसलेल्याला प्रत्येक झेप अचानक येते. ज्या झेपेचं दादाला इतकं कौतुक, ती आईच्या वाट्याला नुसता हिसका म्हणून येत होती.

साताऱ्याजवळ पोचेपर्यंत बॅटरी हिशेबापेक्षा बरीच खाली आली होती. कराडपर्यंत ताणण्यात अर्थ नव्हता. एका हॉटेलच्या आवारात चार्जर होता, त्यावर आधीच एक गाडी लागलेली. तिचं होईपर्यंत थांबायचं, मग आपली लावायची. दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत जायला या गाडीला फास्ट चार्जरवर जवळपास तास लागतो. तिघांनी चहा मागवला.

“जोरात सुटलं की बॅटरी जास्त जाते होय?” अण्णांनी विचारलं. केपीटीएलमध्ये, म्हणजे दहा लिटर डिझेलला किती किलोमीटर पडले या हिशेबात, त्यांची सगळी नोकरी गेली होती. हा प्रश्न त्यांना मनापासून पडला होता.

दादाने कागदाच्या रुमालावर आकडे मांडले. इंजिनियर होता, आकड्याशी खोटं बोलणं त्याला जमत नसे. “आपल्यासकट गाडीचं वजन सतराशे किलो धरा. तिला शून्यावरून शंभरवर न्यायला पाव युनिटसुद्धा लागत नाही. सहा सेकंदांत न्या नाहीतर नऊ सेकंदांत, वेगात साठणारी ऊर्जा तेवढीच.”

“मग गेली कुठं वीज?”

“दोन ठिकाणी. एक, सारखा वेग घेतला आणि सारखा सोडला. सोडताना काही परत मिळते, पण सगळी नाही. ब्रेक दाबून घालवली ती तर गेलीच. आणि दुसरं, वारा. ऐंशीला वारा जेवढा अडवतो त्याच्या जवळजवळ दुप्पट एकशे दहाला अडवतो.”

“आणि एवढं करून वेळ किती वाचला?”

दादाने घड्याळाकडे पाहिलं. कात्रजपासून इथपर्यंत फार तर पंधरा मिनिटं वाचली असतील. चार्जरवर दीड तास जाणार होता. त्याने रुमाल चुरगळून ठेवला.

अण्णांनी त्याला टोचलं नाही. ते वेगळंच सांगू लागले. “१ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली. २०२२ साली त्याच तारखेला, त्याच रस्त्यावर विजेची शिवाई सुरू झाली. मी नंतर मुद्दाम तिकीट काढून तिच्यात बसून आलो. मला बघायचं होतं, ती सुटते कशी. एवढी मोठी गाडी, पण उभ्या माणसाचा हात दांडीवरून सुटला नाही. म्हटलं, तिच्यात जोर कमी आहे का?”

“जोर भरपूर असतो,” दादा म्हणाला. “पण कंट्रोलरमध्ये ठरवलेलं असतं की तो एकदम सोडायचा नाही, चढत चढत सोडायचा. नाहीतर उभे प्रवासी पडतील.”

“म्हणजे ज्याने ती गाडी बनवली त्याने आधी उभ्या माणसाचा विचार केला,” अण्णा म्हणाले. “आम्ही तेच क्लचवर करायचो.”

कुंभार्ली घाट उतरताना दादा सावकाश होता. उतारावर बॅटरीचा आकडा कमी होण्याऐवजी एकेक टक्का वर चढताना पाहून अण्णांना नवल वाटलं. त्यांच्या आयुष्यात या घाटाचा उतार म्हणजे तापलेल्या ब्रेकचा वास. चढताना दर शंभर मीटर उंचीला ही गाडी सुमारे अर्धं युनिट घेते आणि उतरताना त्यातलं बरंचसं परत देते, असं दादाने सांगितलं. “घाट परतफेड करायला लागला म्हणायचा,” अण्णा म्हणाले आणि बराच वेळ बाहेर पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी छोटीची ओटी भरून, सासूबाईंनी सतरा वेळा ‘जपून न्या’ सांगून झालं आणि गाडी चिपळुणातून निघाली. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत घेतली नव्हती, पण गचके नकोत असं बजावलं होतं. अलोरे मागे पडलं, घाट समोर दिसू लागला, तेव्हा आईने मागून हाक मारली.

“अहो, घाट तुम्ही चढवा.”

गाडीत क्षणभर कोणी बोललं नाही. दादाने आरशात पाहिलं. छोटी पोटावर हात ठेवून बसली होती. त्याने गाडी कडेला घेतली आणि उतरून अण्णांसाठी दार उघडलं.

अण्णांनी सीट पुढे घेतली, आरसे लावले. डावा पाय क्लच शोधत राहिला, त्याला दादाने बाजूला ठेवायला सांगितलं. मोड ‘इको’वर गेला, वीज परत भरण्याची पातळी खाली आली. पहिल्या दोन-तीन वळणांत अण्णांनी गाडीचा स्वभाव ओळखला. पाय दाबायचा नाही, टेकवायचा. काढायचा नाही, हळूहळू उचलायचा. वळणाच्या आधीच वेग कमी करायचा, म्हणजे वळणात ब्रेक लागत नाही. सगळं जुनंच, फक्त आवाज नव्हता.

अर्ध्या घाटात गाड्यांची रांग लागली होती. वरच्या वळणावर एक मालट्रक बंद पडला होता आणि एकेका बाजूची वाहनं आळीपाळीने सोडत होते. त्यांची गाडी नेमकी उभ्या चढावर थांबली. मागे भरलेला टेंपो, अगदी बंपरला टेकल्यासारखा. पुढची गाडी सुटली तसा अण्णांचा डावा पाय पुन्हा हलला. अशा जागी भरलेली एसटी हाफ क्लचवर धरून, हँडब्रेक सोडत, एक वीतभरही मागे न येऊ देता पुढे काढणं हीच त्यांची विद्या होती. मागे आली तर मागच्याच्या काचेवर. अशा वेळी कंडक्टर चाकामागे लावायला दगड घेऊन उभा राहायचा.

अण्णांनी ब्रेकवरचा पाय उचलला. गाडी जागची हलली नाही. पाय नुसता टेकवला आणि ती चढावर सरळ, सावकाश, एकाच ओढीने वर निघाली.

वळण पार होईपर्यंत अण्णा गप्प होते. मग म्हणाले, “दादा, तुझ्या गाडीचा पिकअप मला आत्ता कळला.”

“हा पिकअप नाही अण्णा, हे तर नुसतं…”

“हाच. माणसं भरलेली, चढ उभा, मागे टेंपो. इथं जी मागे येत नाही आणि आतल्या माणसाला कळूही देत नाही, तिच्यात जोर आहे. सपाटीला काय, सगळ्याच पळतात.”

घाटमाथा आला, हेळवाक गेलं, कोयनानगर गेलं. पाटणच्या बाजूला उसाचा हंगाम जोरात होता. एका लांबलचक वळणानंतर समोर ट्रॅक्टर आला, मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी वाडं लोंबतंय, पुढचं काही दिसत नाही. वेग जेमतेम वीस. अण्णा मागे राहिले. एक वळण, दुसरं वळण. समोरून एक जीप गेली, मग बराच वेळ काही आलं नाही.

“अण्णा, मारा की आता,” दादा म्हणाला.

“दिसतंय कुठं?”

“पिकअप आहे गाडीला. निघेल.”

“गाडीला पिकअप आहे, रस्त्याला नजर नाही,” अण्णा म्हणाले आणि मागेच राहिले.

आणखी एक वळण संपलं आणि रस्ता सरळ झाला. दूरवर रिकामा, दोन्ही बाजूंना मोकळं रान. ट्रॅक्टरवाल्याने हात बाहेर काढून ‘या’ म्हटलं. अण्णांनी आरसा पाहिला, हॉर्न दिला, गाडी उजवीकडे घेतली आणि मग पाय दाबला. झटका नाही, पण कच्चाही नाही. दोन्ही ट्रॉल्या आणि ट्रॅक्टर मागे पडले, गाडी पुन्हा डावीकडे आली आणि अण्णांनी पाय सैल केला. काही सेकंदांचा मामला. मागून छोटीने विचारलं, “गेला का गं ट्रॅक्टर?” तिचा डोळा लागला होता.

दादा काही वेळ मनातल्या मनात हिशेब करत होता. हे अंतर कापायला त्यांच्या जुन्या डिझेल गाडीला गिअर उतरवून, आवाज करून, कितीतरी जास्त वेळ लागला असता. तेवढा वेळ चुकीच्या बाजूला, समोरून येणाऱ्याच्या वाटेत. इथे विजेच्या मोटरचा उपयोग खरोखर होता. पिकअपला महत्त्व नाही असं कोणी म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

“अण्णा, शेजारच्यांची गाडी असती तर अजून एखादा सेकंद वाचला असता,” तो म्हणाला. त्यात हट्ट नव्हता, तो खरंच विचारत होता.

अण्णांनी रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिलं. “वाचला असता. पण मला सांग, त्या एका सेकंदावाचून जो ओव्हरटेक अडतो, तो करायचा का?”

दादाने उत्तर दिलं नाही. देण्यासारखं नव्हतंच. एका सेकंदावर ज्याचा जीव अवलंबून आहे असा ओव्हरटेक ६.७ च्या गाडीनेही करायचा नसतो. आणि ज्याला दोन्हीकडे भरपूर वाव आहे, तो ८.९ च्या गाडीने आत्ताच झाला होता. दोन्ही आकड्यांच्या मधल्या सव्वादोन सेकंदांना त्या रस्त्यावर जागाच नव्हती.

उंब्रजला गाडी पुन्हा दादाच्या हाती आली. पुण्यापर्यंत त्याने मोड बदलला नाही. महामार्गावर ऐंशी-पंच्याऐंशीच्या पुढे काटा गेला नाही, आणि साताऱ्याजवळ चार्जिंगला थांबले ते घाईने नाही, छोटीला पाय मोकळे करायचे होते म्हणून. घरी पोचल्यावर आई गाडीतून उतरली आणि सरळ स्वयंपाकघरात गेली. तिला काही झालं नव्हतं.

सोमवारी दादाने शोरूमला फोन करून एक्स्चेंज नको म्हणून सांगितलं. अण्णांनी एवढंच विचारलं, “पिकअप पुरतो ना?”

“पुरतो,” दादा म्हणाला. “कुठं कमी पडतो ते शोधून पाहिलं. सापडलं नाही.”

त्यानंतर कोणी गाडी घेताना दादाचा सल्ला विचारला तर तो शून्य ते शंभरचा आकडा शेवटी सांगतो. आधी विचारतो : घरची माणसं आणि सामान भरून तुमच्या गावचा घाट ती दमदारपणे चढेल का? उसाच्या ट्रॅक्टरला मोकळ्या रस्त्यावर झटपट मागे टाकेल का? या दोन्हींचं उत्तर हो असेल तर पिकअपचा विषय तिथे संपला. बाजारातल्या बहुतेक विजेच्या गाड्यांचं उत्तर हो असतं. मग पुढचे प्रश्न खरे : एका चार्जमध्ये खऱ्या रस्त्यावर किती जाते, वाटेत चार्जर कुठे आहेत, मागच्या सीटवर म्हातारं माणूस किती वेळ बसू शकतं, हप्ता भरून महिनाअखेरीस झोप लागते का. ज्याला परवडतं आणि आवडतं त्याने वेगवान गाडी जरूर घ्यावी. हौसेला मोल असतं. पण आपली गाडी कालपर्यंत चांगली होती आणि आज दुसऱ्याचा आकडा ऐकून ती वाईट झाली, असं वाटू लागलं तर कमतरता गाडीत शोधू नये.

तात्पर्य : सामर्थ्य हवं, आणि ते गरजेच्या क्षणी पुरेल इतकं हवं. ते पुरेसं झालं की त्याच्यापुढचं मोजमाप थांबवावं आणि ते सोडायचं कसं हे शिकावं. कारण आपल्या जोराची किंमत पुढे बसलेला ठरवत नाही. आपल्यावर विसंबून मागे बसलेली माणसं ठरवतात.